पाटी क्रमांक एकोणीस

अजब बंगल्यातून पाट्यांसाठी बोलावणं आलं
तेव्हा फ्लेक्सनं माझा धंदा खाऊन नऊ वर्षं झाली होती.
गोळीबार चौकातल्या दुकानात आता
मुलगा मोबाईलच्या काचा बदलतो.
कुंचले तेवढे मी रॉकेलात जपलेले.

काम साधं. वर जुनी इंग्रजी ओळ, खाली मराठी.
डोईफोडे बाईंनी मजकूर टाईप करून दिला,
फक्त एकोणीस नंबरला एक जागा कोरी.
जुनापाणीची शिळावर्तुळं.
घोड्याच्या तोंडावरचं तांब्याचं आभूषण,
लोखंडी कुऱ्हाड, अकीकाचे सात मणी.
आणि साहेबाची ओळ:
एका अनाम, रूड जमातीची थडगी.
बहुधा उत्तरेकडून आलेली.

रूडला काय लिहायचं तेच ठरेना, बाई म्हणाल्या.
रानटी म्हटलं तर मोर्चा येईल,
अडाणी म्हटलं तर खोटं,
ओबडधोबड दगडाला लागतं, माणसाला नाही.

मी मणी काचेबाहेर मागून घेतले.
कोष्ट्याचा पोर, सूत कुठून जाईल ते मला कळतं.
भोक दोन्ही अंगांनी पाडलेलं
आणि मधोमध, दगडाच्या पोटात,
बरोबर भेटलेलं.
वर केसाएवढी पांढरी रेघ, भाजून उठवलेली.
माझ्या बारीकातल्या बारीक कुंचल्याला
ती आजही जमणार नाही.

बाईंनी कॅप्टनचं टिपणही दाखवलं.
दोन दिवसांत अकरा वर्तुळं उकरली.
त्याच्या गावच्या टेकडीवर असेच दगड आहेत, त्यावर अडीच पानं.
उन्हावर अर्धं.
खणणाऱ्यांवर एक ओळ: कुली, चौदा, रोज दोन आणे.
ते चौदा जण खड्ड्यात वाकून
एकेक मणी वर देत होते,
आणि तो काठावर उभा राहून विचारत होता,
हे केलं तरी कुणी असेल?

रविवारी स्कूटर काढली, काटोल रोडनं गेलो.
दगड गवतात बसलेले,
लग्नाच्या पंगतीत वाढपी यायची वाट पाहावी तसे.
बकऱ्या राखणारी एक बाई म्हणाली,
काय पाह्यता जी? गवळ्याइचे गोठे होत हे, लय जुने.
मी म्हटलं, खरं?
खरं काय थे कोणाले मालूम,
तुमी पाटीवाले सांगान ना.

मंगळवारी एक गृहस्थ आले, पेनड्राईव्ह घेऊन.
त्यात नकाशा होता, तयार मजकूर होता.
जगात सर्वांत आधी आपण. दहा हजार वर्षं.
उत्तरेकडून आले हे खोडा,
इथूनच सगळीकडे गेले असं लिहा.
मी नकाशा पाहिला.
बाण कॅप्टनचाच होता,
फक्त टोक दुसऱ्या बाजूला काढलेलं.
दगड त्यांनी पाहिले होते का, विचारलं.
म्हणाले, वेळ कुठे मिळतो.

मग बाई आणि मी कोऱ्या जागेसमोर बसलो.
चहा आला, थंड झाला.
संध्याकाळी मी पांढऱ्या रंगात लिहिलं:
या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत.
त्यांना घोडा इतका प्रिय होता
की त्याला सजवून सोबत पुरलं.
ते कुठून आले हे अजून सांगता येत नाही.
त्यांना मण्याला भोक पाडता येत होतं.

बाईंनी दोनदा वाचलं. शेवटची ओळ जरा खटकते, म्हणाल्या,
पण राहू द्या.
मी सवयीनं खालच्या कोपऱ्यात
बारीक अक्षरांत सही टाकली, दुकानावर टाकायचो तशी.

पुढच्या महिन्यात शाळेची सहल आली होती.
एक पोरगी पाटीला नाक लावून वाचत होती, खालपासून वर.
सर, ती ओरडली,
हे निनावे लोक होते!
सर घाईत होते, पुढच्या दालनात भुसा भरलेला वाघ होता.
हो हो, म्हणाले, चला.