इथवर ठीक

प्रतापनगरात बँकेच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
मे महिना, रात्रीचा दीड,
खिडकीची काच अजून हाताला भाजते.
कुलरमधलं पाणी संपलंय, वाळ्याचा वास तेवढा उरलाय.

एक ऑर्डर हरवली आहे.
गोंदियाच्या दवाखान्यातून निघाली, चाळीस इंजेक्शनं,
बुटीबोरीच्या गोदामात पोहोचली नाही.
मधे आमचे पाच प्रोग्राम,
हातोहात निरोप पुढे देणारे,
आणि पाहावं तर जो तो आपल्यापुरता खरा.

पहिला तिला म्हणतो ७७१३.
दुसऱ्याने तिचं नव्याने बारसं केलं.
तिसरा नुसती तारीख लिहितो, तीही महिना आधी घालून.
चौथा ग्रिनिचच्या घड्याळावर जगतो,
म्हणून त्याच्या दारी ती पोहोचली
निघण्याच्या पाच तास आधी.
पाचवा गप्प. डिस्क भरते म्हणून
कुणीतरी त्याचं तोंडच बांधून ठेवलंय.

अंकुश मेश्राम, नवीन लागलेला, विचारतो,
"म्याडम, खोटं कोण बोलून राह्यलं?"
कुणीच नाही रे.
एखादा खोटारडा असता तर लवकर सापडला असता.

महिनाभर हेच काम चाललंय माझं :
वेशीवर एक नंबर द्यायचा,
तो शेवटच्या दारापर्यंत कुणी पुसायचा नाही.
सगळ्यांचं घड्याळ एक.
आणि चूक म्हणजे चूकच, माणसाला झोपेतून उठवावं एवढी.
इथे दर मिनिटाला लांडगा आला म्हणायचे,
म्हणून खरा आला तेव्हा
फोन उशीखाली वाजत राहिला.

जुन्या ओळी खरवडताना
हेडाऊ सर लागतात हाताला.
टेकचंद हेडाऊ. नऊ वर्षांपूर्वीचा त्यांचा कोड,
आणि त्यात त्यांचा आवाज, जसाच्या तसा :
पोहोचलो बा.
काऊन रे, पुन्हा रिकामा आला?
हे होऊच शकत नाही.
त्याच्याच खाली : झालं.

सर त्या एप्रिलात गेले, ज्या एप्रिलात खाटा नव्हत्या.
एका दवाखान्याच्या वहीत होतं, पुढे पाठवले.
दुसरीत, असा पेशंट आला नाही.
तिसरीत हेडाव, वय पस्तीस,
आणि सर तर छप्पन्नचे.
त्यांचा मुलगा रात्रभर स्कूटर घेऊन फिरला,
तीन वह्यांच्या मधल्या जागेत
बाप शोधत.
कुणाचंच अक्षर खोटं नव्हतं.

हे मी अंकुशला सांगत नाही.
त्याला सांगते, तिसऱ्याची रांग उघड,
तारीख उलटी करून बघ.
पाच मेचा तिथे पाचवा दिवस नाही, पाचवा महिना आधी आहे,
आणि तेराव्या महिन्याची वाट बघत
ती बसली असेल कुठेतरी.

सापडते.
तेरा तारखेची ऑर्डर,
नसलेल्या महिन्याच्या दारात उभी,
चाळीसच्या चाळीस.

पुढे ढकलतो. मग मी सरांच्या ओळी काढायला घेते.
काढल्याच पाहिजेत. एकेक काढते.
"पोहोचलो बा" काढताना
जरा उगाच चहाचा कप शोधते.
एकीशी थांबते.
अंकुश म्हणतो, "हे आपल्या नियमात बसत नाही ना."
नंबर लाव, म्हणते. वेळ लाव, पट्टी लाव.
शब्द असू दे.

स्क्रीनवर उमटतं :

०३:४२:०९ +०५:३० | ७७१३ | माहिती | इथवर ठीक

खाली चौकात पोहेवाल्याचा स्टोव्ह पेटल्याचा आवाज येतो.
सव्वासातला गोदामातून कुणी शेंडे बोलतात,
"मिळाली, पण एक खोकं ओलं आहे."
मी वेळ लिहून घेते.