सरावाचा माणूस

एमोके, तुझ्या निरोप समारंभात
सगळे तुझ्या उजव्या हाताबद्दल बोलले.
महापौर बोलले, फेडरेशनचे गृहस्थ
कागद चुकले तरी बोलत राहिले.
मी मागे, सॉसेजच्या टेबलापाशी,
आणि माझाही उजवा खांदा ठणकत होता,
त्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

अकरा वर्षं मी चिनी होतो.
तसा मी बेकेशचाबाचा, वडील छापखान्यात,
जन्माचा डावखुरा.
कॅसेटी मागे-पुढे करून करून पट्ट्या झिजल्या
तेव्हा जमली पेनासारखी धरलेली बॅट,
जमली शांघायच्या त्या मुलीची खोड,
सर्व्हिसआधी जाळीजवळ तळवा पुसायचा,
नेहमी दोनदा.
मंगळवारी मी कोरियन असायचो.
गुरुवारी जर्मन, उंच, चिडकी,
गुण गेला की मांडीवर थापट मारणारी.
तीही मारायचो. तूच म्हणाली होतीस,
सगळं हवं, थापटीचा आवाजसुद्धा.
पगारपत्रकावर माझ्या नावापुढे
लिहिलेलं असायचं: इतर खर्च.

तू टेबलापासून पाच पावलं मागे.
चेंडू पार गुडघ्याखाली येऊ द्यायचीस
आणि मग विळ्यानं गवत कापावं तसा
खालून एक काप.
जाळीवरून येताना तो इतका मंदावायचा
की वाटे, दारात उभा राहून विचारतोय,
आत येऊ, की जाऊ?
मी घाई केली की तो जाळीत.

जानेवारीत हॉलचा बॉयलर बंद.
रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास
स्वेटरात, केसांत, भाकरीला लावलेल्या लोण्यात.
आई विचारायची, तू खेळतोस
की सायकली दुरुस्त करतोस?
तिला काय सांगणार,
की आज दुपारी मी
ओसाकाची उपांत्य फेरी तीनदा हरलो.

खऱ्या ओसाकाला मला नेलं नाही.
तिकिटं दोनच होती.
पहाटे चारला फोन वाजला,
तुझा श्वास अजून जागेवर नव्हता.
“लोरांत, तिनं पुसला. दोनदा.
मला वाटलं, समोर तूच आहेस,
मग भीतीच गेली.”
त्या दिवशी छापखान्याच्या कँटीनमध्ये
वडिलांनी सगळ्यांना पालिंका पाजली.
अंतिम फेरीत मात्र एक कोवळी मुलगी आली,
नाव कुणी ऐकलं नव्हतं,
जिची कॅसेट आपल्याकडे नव्हती.

रौप्यपदक तू स्वयंपाकघराच्या खिडकीला
अडसर म्हणून लावलंस. वारा आला की वाजायचं.

पुढे चेंडू दोन मिलिमीटरनं फुगला.
एकवीसचे अकरा झाले.
तुझा जीव खेळात रुजायचा
तोच मुळी बाराव्या गुणाला!
बी पेरायचं आणि त्याच दुपारी कापणी,
असं कसं शेत करायचं, तू म्हणालीस,
आणि तरी दोन हिवाळे केलंस,
दुसऱ्या हिवाळ्यात गुडघ्यातून पाणी काढून.

समारंभानंतर खुर्च्या रचून झाल्या.
शिपायाला तू म्हणालीस, दिवे दहा मिनिटं राहू दे.
बूट काढलेस, मोजे काढलेस.
“एक गेम. पण आज
कोणी होऊ नकोस.”

चेंडू तळव्यावर घेऊन मी उभा.
हात आपोआप जाळीकडे निघाला पुसायला,
अर्ध्यात थांबवला.
बॅट या हातातून त्या हातात गेली,
डाव्या, जो शाळेनंतर
फक्त दारं उघडायला वापरला होता.
बोटांना मूठ ओळखू येईना,
जुन्या घराच्या किल्लीसारखी
ती फिरत राहिली.

मग मारली. बुजरी, तिरकी,
बहुधा बारा वर्षांच्या कुणाची तरी.
जाळीला लागून माझ्याच बाजूला पडली.

तू पाच पावलं मागे, अनवाणी, वाकलेली.
“ही कुणाची?”
मी खांदे उडवले, उजवा जरा कमी.

गुण मात्र तू मोजलास.
“शून्य–एक,” म्हणालीस,
“टाक पुढची.”