तीन काचा

साखर पेठेतल्या काचवाल्यानं पट्ट्या कापून दिल्या,
कडा घासल्या नाहीत.
बोटाला अजून चीर आहे.

पहिली काच तळाला चिकटलेली,
दुसरी दोन बोटं अधांतरी,
तिसरी पुन्हा तळाला, पण इंचभर बुटकी.
पाण्यानं वरून यायचं, खालून जायचं,
चढता चढता बुडबुडे सोडून द्यायचे.
वहीत हे सोपं होतं.

पंप लावला, तर शेवटच्या कप्प्यात नुसता फेस.
वरच्या टाकीत मासे
धुकं पडल्यासारखे.

राजमणी विड्या वळत होती.
"माग बिघडला की कान लावता,
इथं नुसतं बघत काय बसलाय?"

कान लावला.
मधल्या काचेखालून पाणी घाईनं ओढलं जात होतं,
तुटायच्या आधी सूत वाजतं तसं.
ब्लेडनं सिलिकॉन कापलं,
काच अर्धं बोट उचलली,
एक दिवस, एक रात्र वाळू दिली.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
तोवर मासे बादलीत
आणि आमची अंघोळ तांब्यांच्या हिशेबात.

गुरुवारी रात्री पाणी भरलं, पंप लावला,
फेस नव्हता.
तेवढ्यात लाईट गेली.
वरचं पाणी खाली उतरायला लागलं.
मी अंधारात काठावर बोट ठेवून बसलो.
नखाला ओल लागली,
तिथंच थांबली.

राजमणीनं मोबाईलचा उजेड धरला, म्हणाली, "चालू."
तिच्या तेलुगूत म्हणजे पुरे.
मी उगाच पंपाकडे बघितलं.

बादलीत एक मासा उडाला.