उजवा कोपरा

खानापूर, स्टेशन रोड. दुकानाची पाटी तीनदा रंगवलेली,
तिसऱ्यांदा मीच रंगवली, नियमाच्या मापात.
आत एक संगणक, चौदा वर्षांचा:
लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थेच्या पावत्या.
एका सकाळी पडद्यावर सूचना आली,
हे उपकरण यापुढे चालणार नाही.
चालत होतं. सूचनाही त्याच्यावरच वाचली मी.

बेळगावचा डीलर म्हणाला, नवीन घ्या, अडतीस हजार.
नंदगडहून शिवलीला हुक्केरी आली,
स्कूटीच्या डिकीत पेनड्राइव्ह आणि जेवणाचा डबा.
"आग्तैति री," म्हणाली, मग माझ्यासाठी मराठीत,
"होतंय की. धडधाकट आहे, भंगारात कशाला घालता?"

पहिला प्रश्न: भाषा निवडा.
बोट खाली सरकत गेलं. कन्नड दिसली.
मराठी दिसेना. मी श्वास धरला,
जुनी खोड, यादी बघितली की आपलं नाव शोधायची.
कझाक, ख्मेर, कोरियन, कुर्दी, लाओ,
लाटव्हियन, लिथुआनियन, मॅसेडोनियन, मल्याळम,
मग मराठी.
एवढी दुनिया आमच्या दोघांच्या मध्ये!
आणि माझ्या नि कल्लाप्पाच्या दुकानात
नुसता एक पत्रा.

नंतर विचारलं, कुठं राहता?
राज्य नको होतं त्याला. यादीत फक्त कोलकाता.
मुंबई नाही, बेंगळूरू नाही.
"बिडरी," शिवलीला म्हणाली, "मिटलं भांडण."
हसलो दोघं, आणि एकदमच थांबलो.

मग: तुमच्या वापराची माहिती आम्हाला पाठवू का?
'नको'वर खूण केली. हात थरथरला वगैरे नाही.
खरं आठवलं.
दोन वर्षांमागं, मार्गशीर्षात, शटर अर्धं ओढून
याच कळफलकावर मी टाईप केला होता
जनाक्काच्या रिपोर्टातला एक शब्द.
घरात कुणाला बोललो नव्हतो. तिलाही नाही.
सकाळी उजव्या कोपऱ्यात
हुबळीचं एक इस्पितळ हसत उभं.
मग केसांचे टोप. मग विमा. मग घरबसल्या नवस.
ती चहा घेऊन यायची, मी खिडकी मिटायचो,
पडद्यावरची.
ती गेली. कोपऱ्याला कुणी कळवलं नाही.
आणखी तीन महिने ते इस्पितळ हसत होतं.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही.
प्रिंटर दीड दिवस रुसून बसला.
जुन्या फॉन्टातल्या पत्रिका उघडल्या तर
'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोन, आकडे, उलटी प्रश्नचिन्हं.
अकरा वर्षांचे नवरे-नवऱ्या ओळखू येईनात.
आता रोज दोन-दोन नव्यानं टाईप करतोय,
ज्यांची पोरं शाळेला जातात त्यांची लग्नं
पुन्हा लावतोय. मोडलेलीसुद्धा.

निघायच्या आधी तिनं आतल्या सगळ्याला कुलूप बसवलं.
"संकेतशब्द टाका काका, मी बघत नाही,"
आणि खरंच रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली,
उसाचा एक ट्रॅक्टर सबंध जाईपर्यंत.
रोमन अक्षरांत टाकायचा होता,
त्या घडीला यंत्राला
आमच्यापैकी कुणाचीच लिपी येत नाही.
मी जनाक्काचा शब्द टाकला,
दूध उतू जाताना ती ओरडायची तो,
अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा,
कुठल्याच शब्दकोशात नसलेला.
इथंही लिहिणार नाही.

तीनशे घेतले शिवलीलानं. डबा इथंच उघडला,
शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढं सारली.

रोज नऊला तो शब्द टाकतो.
पंखा खोकतो, मग लागतो कामाला.
उजव्या कोपऱ्यात काही नसतं.
बघतो मी तरी.