उखर्डी

दोरा माझाच होता.
गुलाबी, पॉलिस्टरचा, सहजी तुटत नाही असला.
योगिताच्या लग्नाचं पोलकं शिवलं त्या दिवशी
कातरणं, टोकं, उसवलेले टाके
सगळं झाडूनं अंगणात लोटलं मी,
रोज लोटते तसं.
काबरीनं तिथंच उकरलं असणार.

चार दिवस लंगडत होती.
मला वाटलं, बाभळीचा काटा गेला असेल, निघेल.
पाचव्या दिवशी दादर टाकली तर उठलीच नाही.
बाकीच्या धावत आल्या, तिच्या अंगावरून गेल्या,
एकीनं जाता जाता तिच्या तुऱ्यावर टोचलं.

उचलली तर केवढी हलकी!
रिकाम्या रिळांच्या पिशवीएवढी.
मधल्या बोटाला दोरा, सात वेढे, की नऊ,
मांसात रुतलेला, वरून कातडं चढलेलं.
बोट काळंनिळं,
दारात चेंगरल्यासारखं.

झुंबराबाई कुंपणावरून म्हणाली,
"कापी टाक व माय. आज कापशी ते रस्सा व्हई,
सकाय ते तेबी नही."
तिचं खोटं नव्हतं.

शिवण उसवायचं ब्लेड चुलीच्या जाळावर धरलं.
जन्मभर उसवत आले मी,
कुणाला वजन चढलं म्हणून बगलेत,
कुणाचं बाळंतपण झालं म्हणून छातीवर,
पण उसवताना कापड कधी ओरडलं नव्हतं.

सासरे येऊन बसले. सुपडू त्यांचं नाव.
वरची तीन भावंडं गेलेली,
म्हणून जन्मल्या जन्मल्या यांना सुपात घालून
उंबऱ्याबाहेर ओढत नेलं होतं;
हा तर पाखडून टाकायचा कोंडा, असं मरणाला दाखवलं.
मरण आलं, बघितलं, गेलं.
ऐंशी वर्षं झाली, अजून फसलेलंच आहे.

त्यांनी तिचं डोकं धोतराच्या सोग्यात झाकलं.
अंधार झाला की कोंबडी गप्प होते.
"काप," म्हणाले.
कापलं. एकेक वेढा.
मग गरम पाणी, मीठ, तेलात कालवलेली हळद,
आणि पट्टी
त्याच पोलक्याच्या उरलेल्या अस्तराची.

"इनं नाव काय शे?"
नाव कसलं आबा, काबरी म्हणतो.
"गोड नाव नको. उखर्डी म्हन इले."
खुराड्यात नाही ठेवू दिली.
सुपात ठेवली, मशीनखाली, पायडलजवळ.

वैशाख. तापीवरून येणारा वाराही भाजून येत होता.
ओलं गोणपाट तासाभरात वाळायचं.
ती चोच उघडी टाकून धापायची,
मी पायडल मारायची, ती माझी टाच बघत राहायची.
कळण्याची भाकरी ताकात कुस्करून बोटानं भरवली;
पहिले दोन दिवस तिनं बोटच खाल्लं, भाकरी नाही.
दुपारी सासरे काठी टेकत यायचे
आणि शिव्या द्यायचे तिला,
"ए उखर्डी, मरनी नही का आजून?"
मोठ्यानं.
कुणीतरी ऐकावं असं.

अकराव्या दिवशी बोट गळलं.
बटण शोधताना मला मशीनखाली सापडलं,
वाळक्या चवळीच्या शेंगेसारखं.
कुठं टाकावं कळेना.
कडुनिंबाच्या बुडाशी पुरलं,
झुंबराबाई पाण्याला गेली होती तेव्हा.

आता चालते. अंडं देत नाही, अजून तरी.
योगिताचं लग्न झालं,
पोलकं बगलेत काचतं म्हणून परत आलं,
आणि मी तेच ब्लेड घेऊन बसले.
टोकं हल्ली बिस्किटाच्या पुड्यात भरते.

सकाळी अंगणातल्या फुफाट्यात तिचा माग असतो,
एका पायाची तीन बोटं, दुसऱ्याची दोन,
मधे ओढलेली एक बारीक रेघ,
टाका सुटलेल्या शिवणीसारखी.
मी झाडून टाकते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा असते.