कल्ले

होमा बेच्या धक्क्यावर माझी आई अपोन्डी
मासा घेताना त्याच्या डोळ्यांत बघत नाही.
पाणी मारून डोळ्यांना चकाकी आणता येते, म्हणते,
खवल्यांवरून तेलाचा हात फिरवता येतो.
ती अंगठा सरळ कल्ल्यात घालते, उघडते,
नाक जवळ नेते.
कधी कधी आतही रंग लावलेला असतो.
"रक्त धुतलं की जातं," आई सांगते,
"रंग नखात राहतो."

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.
तरी प्रेषित जोसाया आला
तेव्हा मी त्याच्या डोळ्यांतच बघत राहिले.

नैरोबीहून आला, पांढऱ्या गाडीतून.
स्वाहिली येत असून इंग्रजीतच बोलायचा,
इंग्रजीत देव जरा मोठा वाटतो म्हणून असेल.
मी शाळेत इंग्रजी शिकवते,
म्हणून दुसरा माईक माझ्या हातात आला.
तो म्हणे अग्नी, मी लुओत म्हणे माच.
तो थांबे, मी थांबे,
तो किंचाळे, आणि, देवा, मीही किंचाळे.
चारशे माणसं त्याला माझ्या तोंडून ऐकत होती.
खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तेलाची बाटली, करंगळीएवढी, दोनशे शिलिंग.
कोपऱ्यावरच्या दुकानातलं सूर्यफुलाचं तेल,
वासावरून मला कळलं होतं.
मी भाषांतर केलं: अभिषेक.
ओगुटूने होडीचं इंजिन विकलं.
मी भाषांतर केलं: बी पेरलंस.
रोझाबेलाने साखरेच्या गोळ्या तळ्यात फेकल्या.
मी भाषांतर केलं: विश्वास.
तिला पुरलं त्या दिवशी तो म्हणाला,
तिचाच विश्वास कमी पडला.
जीभ अडली माझी.
पण तेही केलं. भाषांतर.

रात्री आई भांडी घासता घासता म्हणाली,
"तो वचन नेहमी मधूनच का वाचतो गं?
मधलाच तुकडा कागदात बांधून देतो,
डोकं का दाखवत नाही?"

पुढच्या रविवारी विधवेच्या दोन दमड्या होत्या.
तो साखरेच्या आवाजात: बघा,
तिच्याकडे काही नव्हतं, तरी सगळं टाकलं. आणि तुम्ही?
पहिल्या रांगेतल्या सात विधवा
कांगाच्या गाठी सोडू लागल्या.
माझ्या हातात तेच पान उघडं होतं.
नजर दोन बोटं वर गेली.
तिथे प्रभू, दमड्यांच्या जरा आधी, सांगत होता:
लांब झगे घालून बाजारात मुजरे घेणाऱ्यांपासून जपा,
ते विधवांची घरं गिळतात
आणि वर लांबलचक प्रार्थना करतात.

तो थांबला. माझी पाळी होती.
मी वरून वाचलं.

लुओ त्याला येत नव्हती.
तो हसत राहिला, मान डोलावत राहिला,
आणि शेवटी आपल्याच निकालाला
मोठ्यांदा आमेन म्हणाला.
सात गाठी पुन्हा बसल्या.

आता म्हणे म्बिटाला त्याचा तंबू आहे, नवं नाव, नवा दुभाष्या.
लोक मला विचारतात, ओळखायचं कसं?
माझ्याकडे यादी नाही.
पाळक ओडेरोंचा चष्मा चिकटपट्टीने जोडलेला,
ते अडखळत वाचतात,
पण अख्खा अध्याय वाचतात, कंटाळवाण्या वंशावळींसकट.
रोझाबेलाच्या मुलांची फी ते भरतात.
हे त्यांनी सांगितलं नाही,
शाळेच्या पावत्या माझ्याकडे असतात.

मी अजूनही जाते, मागच्या बाकावर बसते.
एकदा आईने माझा हात धरून
उजेडात नेला, नखं बघितली,
बराच वेळ.
"घासत राहा," म्हणाली,
आणि टोपली उचलून धक्क्याकडे निघाली.