सात वाव

मुहर्रकला, बर्फाच्या कारखान्यामागच्या मजलिसमध्ये
आम्ही भिंतीवर आलेख पाडला :
हामूर, वर्षागणिक उतरता.
आमच्या हर्णैला याला हेकरू म्हणतात,
ते मी मनातच ठेवलं.
पत्रिकेवर चौथा मुद्दा होता
‘हितसंबंधीयांचा सहभाग, वीस मिनिटं’.
त्यातली बारा प्रोजेक्टरनं खाल्ली.

हजेरीचा कागद फिरला. नाव, संस्था, ईमेल.
आरोक्यमनं संस्थेखाली नावेचा नंबर लिहिला
आणि ईमेलखाली एक फुली,
जपून, रेघेबाहेर जाऊ न देता.

डॉक्टर बुथैनांनी विचारलं, हरवलेले गर्गूर कुठे आहेत?
तारेचे पिंजरे. दोर तुटला की तळाशी बसतात
आणि मासे धरतच राहतात,
कुणासाठीही नाही.

हाजी मकी म्हणाला, खडकाच्या उत्तरेला, सात बाअ.
आरोक्यम म्हणाला, सात पागम.
मी वहीत लिहिलं, सात वाव.
तिघांनीही तोच हात पसरला होता,
या बोटापासून त्या बोटापर्यंत.
पुढे मीटर लिहायला गेले आणि पेन अडलं.
कुणाचे सात?

मग आलेख विझवला, टेप काढली.
एवढा मोठा मकी, भिंतीला पाठ लावून
हात पसरून उभा राहिला, शिंप्याकडे पोरगं उभं राहावं तसा.
एक मीटर अठ्ठ्याहत्तर.
आरोक्यम : एक त्रेसष्ट.
सात वेळा गुणलं की दोघांत
एक अख्खा मीटर समुद्र उरतो.

कोणीच बोलेना. चहावर साय धरली.
शेवटी मकीनंच, चष्मा पुसत पुसत,
सांगितलं की अकरा वर्षं झाली
दोर त्यानं ओढलेला नाही, खांदा गेलाय.
सात हा आकडा त्याला नावेवरून ऐकू आलेला.
मोजणारा हा.
आरोक्यम चपलेकडे बघत होता.

पुढच्या मंगळवारी कॅमेरा सोडला.
अकरा मीटर चाळीसवर गंजकी तार,
आत एक जिवंत हामूर, तोंड आमच्याकडे,
आणि बाजूला बरीच हाडं.
आरोक्यमनं पडद्यावर बोट ठेवलं :
‘ही गाठ माझी.’

अहवालात मी तळटीप टाकली आहे :
वाव हे माप माणसागणिक बदलतं,
म्हणून परिशिष्टात नावं आणि हात.
वरून विचारणा आली, हे नक्की हवंच का.
उत्तर अजून दिलेलं नाही.

त्या रात्री खोलीत आपली वाव मोजायला घेतली.
टेपचं एक टोक डाव्या बोटात धरलं,
उजवा हात लांबवला.
टोक सुटलं.
पुन्हा धरलं.
शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो नर्सचं दार
अजून उघडं होतं, दिवा चालू होता.